रविवारी येशील तेव्हा

प्रिय ताई,

तुझा निरोप मिळाला. मागची खोली रंगवून झाली, पंखा बसला, आणि रविवारी तू नि भाऊजी गाडी घेऊन मला कायमचं न्यायला येणार. वाचून ऊर भरून आला आणि धास्तीही वाटली. फोनवर तू रडलीस की मी लगेच हो म्हणतो, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसलोय.

आधी इथली खबरबात. आजारातून सावरणारे आम्ही चौघं एका घरात, प्रत्येकाची खोली वेगळी, किल्ली वेगळी. देखरेखीला रोज सकाळी एक बाई येतात, त्यांना आम्ही वहिनी म्हणतो. आतून ‘या’ म्हटल्याशिवाय त्या कुणाच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. पहिल्या आठवड्यात या नियमाने भलतीच पंचाईत केली. त्यांनी दार वाजवलं, मला वाटलं, झालं, डोक्यातले आवाज पुन्हा सुरू! डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे मी शहाण्यासारखा दुर्लक्ष करून बसलो. बिचाऱ्या अर्धा तास बाहेर ताटकळल्या. आता दार वाजवून त्या म्हणतात, “मी आहे, खरी आहे.” पोस्टमनसुद्धा तसंच म्हणायला लागलाय. हस, हस, मीही हसतो.

तिसऱ्या दिवशी वहिनींनी माझ्यापुढे कांदे आणि सुरी ठेवली आणि त्या तांदूळ धुवायला वळल्या. माझ्याकडे पाठ करून, ताई! आजारपणाच्या अकरा वर्षांत असं कुणी उभं राहिलं नव्हतं. कांद्याच्या फोडी म्हणजे नुसते धोंडे झाले. तुझ्याकडे सुऱ्या कपाटात कुलूपबंद, न्हाणीघराला आतून कडी नाही. तुला बोल लावत नाही गं. ती कडी तू काढलीस ती माझ्यामुळेच, आणि त्या दिवशी तू दार तोडून आत आली नसतीस तर आज मी नसतो. हे मी विसरलेलो नाही.

सगळं आलबेल आहे असंही नाही. गेल्या महिन्यात दोन दिवस आवाज आले. पण मी आपणहून वहिनींना सांगितलं, डॉक्टरांनी गोळी बदलली, आणि चौथ्या दिवशी मी रोपवाटिकेत कामावर हजर. मालक म्हणाले, आलास का, पिशव्यांत माती भर. एवढंच म्हणाले. मला फार बरं वाटलं.

काल शेजारच्या खोलीतले मास्तर माझ्यावर खेकसले, करपलेलं पातेलं तुझा आजा घासणार का म्हणून. मीही तारस्वरात ओरडलो. तासाभराने दोघं एकत्र चहा प्यायलो. मग खोलीत येऊन मी हमसून हमसून रडलो, कारण तेव्हा लक्षात आलं, मी आजारी पडल्यापासून तू माझ्याशी एकदाही भांडली नाहीस. खिडकीजवळच्या जागेसाठी माझे केस उपटणारी तू, अकरा वर्षं नुसतं ‘तू म्हणशील तसं, बाळा’ म्हणत आलीस. तुझ्याकडे आलो तर तू पुन्हा माझी नर्स होशील. काळजी घ्यायला इथे माणसं आहेत, ताई. बहीण तेवढी नाही. म्हणून मी राहायला येणार नाही, इथेच राहणार आहे. रविवारी मात्र नक्की ये. हे वाचून तुला राग येईल, तो गिळू नकोस. तसाच्या तसा घेऊन ये आणि आल्या आल्या माझ्याशी कडाडून भांड.

तुझाच, गोळ्या वेळेवर घेणारा,
ठोंब्या