टाकून दिलेली प्लेट

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. इकडे सगळे ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, पण तुझ्यापुढे पायाची तक्रार करायला जीभ रेटत नाही. लेकीची परीक्षा संपली, त्यामुळे बाईसाहेब दुपारपर्यंत अंथरुणात. तुझ्या बायकोला सांग, तिने विणलेली टोपी मला अगदी बरोबर बसली.

पंखे आणि मोटारी दुरुस्तीचं स्वतःचं दुकान! विजेच्या खांबावर चढणारा माणूस एका जागी बसून काम कसा करेल, असं मला वाटायचं. मला खोटं पाडलंस, बरं केलंस. पण तू पुढे लिहिलंस, ‘दुकानाचं पहिलं बटण ताईच दाबणार. तिच्या रिपोर्टमुळे वेळेवर पाय कापला, म्हणून मी आज आहे.’ तिथपर्यंत वाचलं आणि पत्र घडी करून डब्याखाली सारलं. लेकीने विचारलं, “मामाकडे कधी जायचं?” म्हटलं, “रजा मिळत नाही.” रजा भरपूर आहे रे.

चार महिने तुला टाळते आहे. आता सांगते.

तू खांबावरून पडलास, पायात सळई बसवली आणि जखम चिघळली. त्यातला पू आमच्याच लॅबमध्ये आला. नळीवर तुझं नाव पाहून मी लॅबच्या प्रमुख, आमच्या बाईंना म्हटलं, “हे मीच करते.” आम्ही काय करतो ते तुला दवाखान्यात सांगितलं होतं: प्लेटवर जंतू पसरायचे, वर औषधांच्या टिकल्या ठेवायच्या. ज्या औषधाचा गुण येतो, त्याच्या टिकलीभोवती जंतू मरून स्वच्छ कडं पडतं. तापात होतास, तरी म्हणालास, “आधी पोटभर वाढायचं, मग विष घालायचं. असला पाहुणचार तुझ्याकडेच!”

तुझ्या प्लेटवर बारा टिकल्या होत्या. एकीभोवतीही कडं नव्हतं. पण एका बाजूला जंतूंच्या थरात सात-आठ बारीक, गोल भोकं दिसली. कसर लागलेल्या लोकरीसारखी. आदल्या दिवशी माझ्या टेबलाजवळचं बेसिन तुंबलं होतं. मी काठी घालून ते मोकळं करत होते, तेव्हा पाणी उडालं होतं. वाटलं, शिंतोडे पडून प्लेट बिघडली.

आणि मी कोण? तुम्हा सगळ्यांची ‘चकचक’. आई म्हणायची ना, “चंद्र हाताशी आला तर ही त्याचाही डाग पुसेल.” मी ती प्लेट उकळायच्या बादलीत टाकली. बाईंना दाखवली नाही. नवी केली; तिच्यावरही एकाही औषधाचा गुण नव्हता, तसाच रिपोर्ट गेला. बाई म्हणाल्या, “वा, आरशासारखी!” मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

अकराव्या दिवशी तुझा पाय गेला.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आमचं एक प्रशिक्षण होतं. एका संशोधक बाईंनी पडद्यावर प्लेटचं चित्र दाखवलं. तशीच भोकं. म्हणाल्या, “ही घाण नाही. इथे जिवाणूंना खाणारे विषाणू जेवून गेलेत.” औषधं चालेनाशी झाली की काही ठिकाणी हे विषाणू रुग्णांना देऊन बघतात म्हणे. आणि ते सापडतात कुठे, तर गटाराच्या पाण्यात.

चहाच्या वेळी त्यांना गाठलं. “अशी प्लेट कुणी टाकून दिली असेल तर?”

त्या हसल्या. “आम्ही सगळ्यांनीच टाकल्यात हो.”

“पण दाखवली असती, तर पाय वाचला असता का?”

त्यांचं हसू थांबलं. “कुणाचा पाय?”

मी ‘असंच’ म्हणून विषय टाळला. त्या म्हणाल्या, “खरं सांगू? माहीत नाही. कधी गुण येतो. कधी जिवाणू स्वतःच बदलतात आणि हातातून निसटतात. कुणाच्या बाबतीत काय होईल, हे अजून कुणालाच नीट कळलेलं नाही.”

त्या ‘माहीत नाही’ला धरून महिनाभर काढला. पण अवघड जंतू आम्ही गोठवून ठेवतो, तुझेही ठेवलेले होते. शेवटी बाईंना सगळं सांगितलं आणि ते बाहेर काढले. प्लेटवर पसरले. त्याच बेसिनच्या मोरीतलं पाणी बारीक गाळून वर थेंब सोडले. सकाळी भोकं पडलेली होती.

ते बेसिन माझ्या खुर्चीपासून हातभर अंतरावर आहे.

बाईंनी प्लेट उजेडात धरून पाहिली. मग म्हणाल्या, “मी तेव्हा पाहिली असती, तरी ‘पुन्हा कर’ असंच म्हटलं असतं कदाचित.” त्यांचं मन मोठं. पण त्यांना बघायची संधीच मी दिली नाही, ते माझंच. तुझाही ‘कदाचित’ मीच बादलीत टाकला.

त्या विषाणूंची कुपी आता जपून ठेवली आहे. दुसऱ्या कुणाच्या कामी येईलही. त्याने तुझं काही भरून येत नाही, हे मला कळतं.

उद्घाटनाला मी येईन. बटण तुझ्या बायकोने दाबावं, मी मागे उभी राहीन. हे सगळं वाचूनही तू हाक मारलीस, तरच पुढे येईन.

सोबत भोकं पडलेल्या या नव्या प्लेटचा फोटो ठेवला आहे. सावकाश बघ. मी तेव्हा बघितलं नव्हतं, फक्त पुसलं होतं.

तुझी,
अजून हात धूत बसलेली
ताई