शनिवारचं घर

बाई,

परवाच्या शनिवारी माझ्याकडे शाळेची मुलं येऊन गेली, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींचा आधी फोन आला होता. म्हणाले, "ताई, इथल्या शाळेची चौथीची मुलं शनिवारी आपल्या कॉलनीत येणारेत. त्यांचा सेवेचा उपक्रम आहे, ज्येष्ठ लोकांच्या घरी जाऊन मदत करायची. मी तुमचं नाव दिलंय." मी विचारलं, "माझंच का?" ते जरा घुटमळले. "म्हणजे, तुम्ही एकट्या असता ना. आणि गुडघ्याचं पण ऑपरेशन झालंय." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग बराच वेळ खुर्चीतच बसून राहिले. एकटी असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. आई गेली तेव्हापासून या वर्तकनगरच्या दोन खोल्यांत मी एकटीच आहे. लग्न केलं नाही, भाऊ गुजरातेत स्थायिक झाला. बेल वाजते ती बहुतेक वेळा समोरच्यांच्या पार्सलची. "त्यांच्या दारात ठेवा," एवढंच काय ते मी दिवसभरात बोलते, असंही कधी कधी होतं. पण हे सगळं दुसऱ्या कोणी इतक्या सहज बोलून दाखवलं नव्हतं.

मुलं येणार म्हणून मी आदल्या दिवशी सगळं घर आवरून काढलं. गुडघा ठणकत होता तरी ओटा घासला, जाळ्या काढल्या, वर्तमानपत्रांची रद्दी बांधून पलंगाखाली सरकवली. मदतीला येणाऱ्यांना माझ्या घरात मदतीची गरज दिसू नये म्हणून मी एवढी राबले, हे नंतर माझ्याच लक्षात आलं. दोन मुली, एक मुलगा आणि त्यांच्या मॅडम आल्या. मॅडम अगदी तरुण, पायात बूट, हातात मोबाईल. मुलींपैकी एक पुढे होऊन म्हणाली, "आजी, आम्ही तुमची हेल्प करायला आलोय. झाडू मारू का?" मुलाने घरभर नजर फिरवली आणि जरा हिरमुसून म्हणाला, "मॅम, यांच्याकडे तर सगळं क्लीनच आहे."

मग त्या मुलीने विचारलं, "आजी, तुम्ही एकट्याच राहता? मग बोलता कोणाशी?" मॅडम तिला दटावायला गेल्या. मी म्हटलं, विचारू दे. तिला सांगितलं, "टीव्हीशी बोलते." तिघं हसली. मी मात्र खरं तेच सांगितलं होतं. शेवटी माझा मोबाईल भरलाय, त्यात नवीन काही येत नाही, एवढं एक काम निघालं. ती मुलगी माझ्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून बसली आणि लोकांनी पाठवलेले सुप्रभाताचे फोटो भराभर पुसायला लागली. मध्येच थांबून म्हणाली, "ह्या कोण?" मी म्हटलं, माझी आई. "ह्या ठेवू ना?" ठेव म्हटलं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. मग सरबत झालं, मॅडमनी सगळ्यांचा फोटो काढला, मला दोनदा हसायला लावलं आणि सगळी खाली उतरली. जिन्यात त्यांचा आवाज घुमला, मग गेटपाशी, मग नाही. दार लावून मी मागे वळले तेव्हा घर आधीपेक्षाही शांत झालं होतं. तशीच उभी असताना मला शहाडची ती म्हातारी आठवली, जिच्याकडे तुम्ही आम्हाला शनिवारी पाठवायचात. इतक्या वर्षांत तिची आठवण कधी आली नाही असं नाही, पण दर वेळी मी पायरीवर बसलेली मुलगी असायचे. परवा पहिल्यांदाच मी आतून दाराकडे बघत होते.

तुम्ही चौथीला आम्हाला होतात. कार्यानुभवाच्या तासाला बाकीच्या वर्गांत कागदाची फुलं आणि काड्यापेट्यांच्या खुर्च्या व्हायच्या. तुम्ही मात्र म्हणालात, "फुलं पुष्कळ झाली. आपण शनिवारी शाळा सुटली की दोघादोघांनी एकेका घरी जायचं. जिथे माणूस म्हातारं आहे, आजारी आहे, तिथे. पाणी भरायचं, दळण आणायचं, आलेलं पत्र वाचून दाखवायचं." आम्हाला केवढी मजा वाटली होती. माझी जोडीदारीण शाळेमागच्या चाळीतली, मी विहाराजवळच्या बौद्ध वस्तीतली. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक देशावरची म्हातारी राहायची. नवरा मिलमध्ये होता तो गेलेला, मुलगा कुठे परगावी. ती गोधड्या शिवायची. ते घर तुम्ही आम्हा दोघींना दिलंत.

पहिल्या शनिवारी म्हातारीने आम्हाला दारातच उभं केलं. दोघींची नावं विचारली, आडनावं विचारली, कुठे राहता विचारलं. मग मला म्हणाली, "तू अंगण झाड पोरी. पाणी ही भरंल." मला काही वाटलं नाही. झाडायला तर झाडायला. दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी जोडीदारणीचा हात दुखत होता म्हणून मी कळशी उचलायला गेले, तर म्हातारी आतून ओरडली नाही की रागावली नाही, फक्त पटकन येऊन तिने कळशी माझ्यापासून लांब सरकवली. जशी एखादी गरम वस्तू लहान मुलापासून सरकवतात तशी. तेव्हा मला कळलं. जोडीदारीण आत बसून शेंगदाणे खात होती आणि मी अंगणात खराटा घेऊन उभी होते. अंगण तर केव्हाच झाडून झालं होतं. मी ते पुन्हा झाडायला लागले, कारण नुसतं उभं कसं राहायचं ते मला समजेना.

घरी आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. ती म्हणाली, "तुझ्या बाईंना सांग, आमच्या आधीच्यांनी पुष्कळ अंगणं झाडून ठेवलीत. माझी पोरगी शाळेत शिकायला येते." मग पुन्हा थापायला लागली, पण ती भाकरी तव्यावर टाकताना फाटली. हे शब्द मी तुम्हाला कधीच सांगितले नाहीत. आज सांगते आहे. तुम्हाला एवढंच सांगितलं होतं की बाई, ती मला आत येऊ देत नाही. तुम्ही फळा पुसत होतात. पुसून झालेला फळा तुम्ही पुन्हा पुसलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "शनिवारी मी येते."

आणि आलात. मला अजून तो दिवस स्वच्छ दिसतो. तुम्ही फिकट हिरवी साडी नेसला आहात, खांद्याला कापडी पिशवी आहे. म्हातारी लगबगीने बाहेर येते. "या बाई, आत या, चहा टाकते." तुम्ही अंगणात माझ्याशेजारी पायरीवर बसता. "इथेच बरं आहे," तुम्ही म्हणता, "माझी मुलगी इथे बसलीय." म्हातारी तुमच्याकडे बघते, माझ्याकडे बघते. आत जाते. मला वाटतं आता ती दार लावून घेणार. पण ती गोधडी घेऊन बाहेर येते आणि दारातच बसते. तुम्ही गोधडीचं कौतुक करता. ती सांगते, शिवता येतं अजून, पण सुईत दोरा ओवता येत नाही, डोळे गेले, शेजारणीची वाट बघत दिवस जातो. सुई तुमच्यापुढे धरते. तुम्ही चष्मा सारखा करता, एकदा दोनदा प्रयत्न करता आणि म्हणता, "मला पण नाही जमत. हिचे डोळे चांगले आहेत," आणि सुई माझ्या हातात देता.

बाई, तुम्ही वर्गात सगळ्या मुलींच्या सुया ओवून द्यायचात. एका दमात.

दोऱ्याचं टोक पिंजारलेलं होतं. मी ते सवयीने ओठांत धरलं, थुंकीने ओलं केलं, बोटांनी वळलं आणि ओवलं. मग मान वर केली तर म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी सुई पुढे केली आणि माझा हात तसाच राहिला. किती वेळ राहिला ते सांगता येणार नाही, पण एवढा राहिला की रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला येऊन दिसेनासा झाला. मग तिने हात पुढे केला आणि सुई घेतली. एक टाका घातला. मग आतून चिंध्यांची एक गुंडाळी आणली, त्यात सगळ्या सुया टोचलेल्या. ती माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "एवढ्या ओवून ठेव. आठवडाभर होतील."

त्यानंतर परीक्षेपर्यंत प्रत्येक शनिवारी मी त्या पायरीवर बसून तिच्या सुया ओवल्या. ती दारात बसून शिवायची. टाका संपला की दोरा दातांनी तोडायची. मला एकदा म्हणाली, "काल पाऊस व्हता, वाटलं आज येत न्हाईस." पण कळशीला तिने मला शेवटपर्यंत हात लावू दिला नाही, आणि उंबऱ्याच्या आत मी कधीच गेले नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती गेली. पाचवीत गेल्यावर त्या रस्त्याने गेले तर तिथे दुसरंच बिऱ्हाड होतं. लोकांना ही गोष्ट सांगितली की त्यांना शेवट वेगळा हवा असतो. माझ्याकडे तो नाही.

परवा मुलं गेल्यावर मला तिची एक गोष्ट नव्याने कळली. आम्ही जायचो तेव्हा तिचं लुगडं धुतलेलं असायचं, केस ओले करून चापून बसवलेले असायचे. लहानपणी वाटायचं, म्हातारी रोज अशीच असते. आता वाटतं, नसेल. शनिवारी आमच्यासाठी ती तयार व्हायची. मला पाण्याला शिवू न देणारी बाई माझी वाट बघत बसायची. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींना पुसून टाकत नाहीत. तिची मला कीव येते आणि तिचा रागही येतो, आणि दोन्ही घेऊन मी या स्वच्छ घरात बसले आहे.

पण राग फक्त तिचा नव्हता. ती माणसं कशी असतात हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का? आम्हाला घरं वाटून देताना तुमच्या मनात आलं नसेल का? नसेल आलं, असं मी बरीच वर्षं धरून चालले. मग वाटायला लागलं, आलं असेल, म्हणूनच मला तिथे पाठवलं असेल. ती बदलावी म्हणून. ते काम मोठ्यांनी करायचं होतं, बाई. हात पुढे करून थांबायचं काम तुम्ही चौथीतल्या मुलीला दिलंत. तुम्ही शेजारी बसला होतात हे खरं. तेवढं दुसरं कोणी बसलं नसतं हेही खरं.

पुढे मी नौपाड्यात डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी केली, पेशंटचे नंबर पुकारायचे. तिथे एकदा माझी ती जोडीदारीण सासूला घेऊन आली. तिनेच सांगितलं की तुम्ही गेलात. शेवटची वर्षं कल्याणला एका खोलीत एकट्याच होतात म्हणाली, ती अधूनमधून डबा घेऊन जायची. मग म्हणाली, "तुझी फार चौकशी करायच्या. मला विचारायच्या, ती माझ्यावर रागावलीय का गं? मी म्हटलं, कशाबद्दल बाई? तर गप्प बसायच्या." बाहेर बाकावर पेशंट खोळंबले होते. मी पुढचा नंबर पुकारला. माझा आवाज नेहमीसारखाच आला.

तुम्ही एकट्या होतात हे मला तेव्हा नुसतं ऐकू आलं. आता समजतं. त्या खोलीत बसून तुम्हीही तोच शनिवार पुन्हा पुन्हा आठवत असाल तर आपण दोघी बरीच वर्षं एकाच पायरीवर बसून होतो, आणि एकमेकींना सांगितलं नाही.

मुलं पुढच्या शनिवारी यायची नाहीत. मी मॅडमना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "आमचा उपक्रम संपला आजी, आता मुलांच्या परीक्षा आहेत." छान झाला कार्यक्रम, म्हटलं, आणि ठेवला.

तर तुम्ही विचारलं होतंत त्याचं उत्तर. हो बाई, रागावले होते. थोडी अजून आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं तरी लिहिता आलं. तुम्ही समोर बसून विचारलं असतंत, तर मी लगेच "नाही हो बाई" म्हणाले असते, आणि चहा टाकायला उठले असते.