बोगस साहेबांची जन्मकथा

सोमवार, २ मार्च
घसा सुधारला. परवाच्या शनिवारी बसला होता, म्हणून वाचनालयातलं शब्दाचं भाषण माझ्याऐवजी धाकट्या जावेने केलं. अकरा वर्षं दर शनिवारी संध्याकाळी सहाला एकेका इंग्रजी शब्दाचं मूळ मीच सांगते. ती एकदा बोलली, तर अध्यक्षांना ती लगेच 'फार गोड' वाटली. येत्या शनिवारी पुन्हा तिलाच बोलावलंय. शब्द: बोगस. कानामागून आली आणि तिखट झाली.
मला हेवा वाटत नाही. वाचनालयाची काळजी वाटते. आजपासून तिचा विचार बंद.

सोमवार, संध्याकाळ
जावेकडे जाऊन आले. सहजच. टेबलावर चार शब्दकोश उघडे, दूध ओट्यावर उतू गेलेलं. बोगसचं मूळ काय सांगणार, विचारलं. म्हणाली, वहिनी, अमेरिकेत खोटी नाणी पाडायच्या यंत्राला बोगस म्हणायचे. मग ते नाव नाण्यांना लागलं, मग कुठल्याही खोट्या वस्तूला. पण यंत्राला ते का पडलं, ते नक्की कोणालाच ठाऊक नाही. तसं सरळ सांगणार आहे.
घरचा पंखा सोडून माणसं येतात ती 'ठाऊक नाही' ऐकायला? माझ्या तोंडून हे शब्द कधी निघाले नाहीत. कोशात सापडलं नाही, तर मी स्वतः शोधून काढते.

मंगळवार, ३ मार्च
शोधून काढलं. बोगस हे आडनाव असणार. गृहस्थ व्यापारी, बहुधा स्कॉटिश. खोट्या सह्या. अटक. सगळं चपखल बसतं. चहा उकळेपर्यंत संशोधन संपलं.
यांना सांगितलं. हे म्हणाले, कुठे वाचलंस? म्हटलं, सगळं वाचूनच कळायला हवं का? हे पेपरमागे गेले.

बुधवार, ४ मार्च
सत्य दाबून ठेवणं बरं नव्हे. केमिस्टला सांगितलं, शिंपीणबाईंना सांगितलं, ग्रंथपालांना दोनदा. केमिस्टने विचारलं, साहेब पुढे सुटले का? सुटले, म्हटलं, पण तब्येत पार खालावली होती.
जावेचं नाव काढलं नाही. काही लोकांना हे माहीत नसतं, एवढंच म्हटलं.

शुक्रवार, ६ मार्च
दिरांचा फोन. ही घाबरलीय, वहिनी, तुम्ही पुढे बसा, तिला धीर येईल. बसणार. मधल्या खुर्चीत. ती अडली की उठायचं आणि साहेबांची हकीकत सांगायची.

शनिवार, ७ मार्च
मधली खुर्ची मिळाली. जाऊ अडलीच नाही. 'ठाऊक नाही' म्हणाली, तर लोक खुर्च्या पुढे ओढून ऐकायला लागले. मग म्हणाली, या आठवड्यात बोगस नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट तीन ठिकाणी कानावर आली. केमिस्टकडे तो क्षयाने गेला, शिंपीणबाईंकडे फासावर. गोष्ट झकास आहे, पण माणूस कुठेच सापडत नाही. पोरक्या शब्दांना लोक असे बाप मिळवून देतात.
हशा. तिने माझं नाव घेतलं नाही. गरजही नव्हती, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या होत्या. मीही हसले.
शेवटी अध्यक्ष म्हणाले, आता शनिवार धाकट्या वहिनींकडेच ठेवू, थोरल्यांना विश्रांती देऊ. टाळ्या. केमिस्टच्या फार वेळ चालल्या.

रविवार, ८ मार्च
जाऊ आली. डोळे सुजलेले. म्हणाली, वहिनी, शपथेवर सांगते, गोष्ट तुमची आहे हे मला ठाऊक नव्हतं. इथेही तेच 'ठाऊक नाही'.
म्हटलं, मी सोडणारच होते, मोठं काम हातात घेतलंय. कोणतं, म्हणाली. शब्दकोश, म्हटलं. स्वतःचा.

शनिवार, १४ मार्च
शब्दकोशासाठी टेबल पुसलं. वाचनालयात गेले नाही. हे गेले, मला न विचारता.
आल्यावर मी एक अक्षर विचारलं नाही. जेवताना विचारलं, शब्द कोणता होता? यांनी शब्द सांगितला, मूळ सांगितलं, तिने केलेला विनोदही न चुकता सांगितला. माझं एकही भाषण यांना कधी घरापर्यंत आणता आलेलं नाही. पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदाही चांगलं होतं.
मग, माझी कोणी चौकशी केली का? हे म्हणाले, केली की, ग्रंथपालांनी. माइकच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडेच राहिलीय.
सोमवारी नेऊन द्यायची. नाहीतर असं करावं, शनिवारी सहाच्या सुमारास द्यावी. तेवढ्यासाठी आत जाऊन बसावं लागलं, तर त्याला माझा इलाज नाही.