रंजना तळ्याकाठी सापडली

२० सप्टेंबर, बुधवार

बॅग तिसऱ्यांदा उपसली. छत्री की रेनकोट, ठरेना. ह्यांनी शेवटी दोन्ही कोंबले नि बॅगेवर बसून चेन लावली. कालपासून मोहोपाड्यात लाइट नाही. इस्त्री राहिली ती राहिलीच.

विद्याकडचा गणपती दीड दिवसाचा. कर्जतला विसर्जन करून ती तशीच गाडीत बसली, कपाळावरच्या गुलालासकट. रंजनाला साजगावहून घेतलं. तिनं सकाळीच शाळेच्या व्हॅनला नवे वायपर बसवून घेतले म्हणे. "सोमवारी शाळा चालू. आल्या आल्या पोरं न्यायचीत ना." नवरा गेल्यापासून व्हॅन तीच चालवते. चौदा पोरं.

खोपोलीच्या शाळेतल्या एका बाकावरच्या आम्ही तिघी. पन्नाशीचं निमित्त, आणि निघालो कुठं तर व्हिएतनामला. कंपनीच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून लागल्यापासून एवढी सलग रजा बाळंतपणानंतर ही पहिलीच.

पनवेल येईपर्यंत र.नं तीनदा विचारलं, "परत कधी हाय गं आपलं विमान?" वि. म्हणाली, "अगं, आधी जाऊ तरी दे." खूप हसलो.

२१ सप्टेंबर, गुरुवार

हनोई. झोप नाही, तरी डोळे टक्क. रस्त्यावर स्कूटरच स्कूटर. मी नि वि. फुटपाथवर खांबासारख्या उभ्या. र.नं दोघींचे हात धरले. "थांबायचं नाय, पळायचं नाय. सरळ चाला, तेच वळसा घालतील." आणि खरंच घातला. पलीकडं पोचल्यावर वि.नं तिला रस्त्यातच नमस्कार केला.

संध्याकाळी मात्र र. खालच्या मजल्यावर कुणा दुसऱ्याच्या खोलीला किल्ली लावत उभी होती. आतून एक म्हातारा गोरा बाहेर आला. मी वरून हाक मारली. ती म्हणाली, सगळी दारं सारखीच की.

सारखीच आहेत. पण खोलीचा नंबर किल्लीवरच होता.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

आज अक्षर वाईट येणार.

सकाळपासून धो धो. आपल्याकडच्यासारखाच, फक्त वारा नाही. हॉटेलवाल्या मुलीनं पातळ प्लास्टिकचे रेनकोट दिले. र. गुलाबी, मी पिवळी, वि. निळी. आधी जुनं विद्यापीठ पाहिलं. दगडी कासवं ओळीनं, प्रत्येकाच्या पाठीवर पास झालेल्यांच्या नावांची शिळा. वि. मास्तरीण, ती तिथंच रमली. "बघा, बोर्डाचा निकाल दगडावर!" र. म्हणाली, "नापासांचं बरं, कुठं नाव तरी नाय."

मग तळं. मध्ये देऊळ, त्याला लाल लाकडी पूल. पाणी काठाला आलेलं. भिजू नयेत म्हणून तिघींचे फोन वि.च्या प्लास्टिकच्या पिशवीत. जवळच्या एका अरुंद जिन्यावरून वर गेलो, अंड्याची कॉफी प्यायला. वि. कधी अंड्याला शिवत नाही, पण म्हणाली, "बाप्पा गेले पाण्यात, आता माझं मी बघते." दोन कप प्यायली.

दोन वाजता र. उठली. समोरच्याच दुकानात पूर्वासाठी स्कार्फ बघितला होता, तो घेऊन येते म्हणाली. पूर्वा तिची लेक, पुण्याला शिकते. "धा मिनिटात आले." वरून तिचा गुलाबी रेनकोट रस्ता ओलांडताना दिसला.

अडीच. पावणेतीन. र.चा फोन पिशवीतच. मी माझा फोन घेऊन खाली गेले. दुकानवालीला फोटो दाखवला. तिनं मान हलवली, हातानं तळ्याकडं दाखवलं.

वि.ला कॉफीच्या दुकानातच बसवलं, र. परत आली तर कुणीतरी हवं. मी तळ्याभोवती निघाले. गुलाबी रेनकोट शंभर. प्रत्येकीच्या टोपीखाली डोकावत होते. एकीनं चिडून ढकललं. मराठीत हाका मारत होते, "रंजे, ए रंजे!" भाषा कुणाला कळत नव्हती, पण लोक बाजूला होत होते. पाण्याकडं बघायचं नाही असं ठरवलं, तरी बघत होते.

चार वाजून गेले तेव्हा दिसली. निळ्या प्लास्टिकखाली फळं विकणारी एक म्हातारी, तिच्या शेजारी स्टुलावर र. मांडीवर स्कार्फची पिशवी. म्हातारी पपनस सोलून एकेक फोड तिच्या हातात देत होती, आणि ती खात होती.

मला बघून उठली नाही. आधी चिडली. "कुठं गेलेलात तुमी? मी हितंच हाय." मग माझा हात धरला तो सोडेना. म्हणाली, हॉटेलचं नाव आठवलं नाही, कॉफीचं दुकान आठवलं नाही. तळ्याला तीन फेऱ्या घातल्या. चौथ्यांदा समोरून जाताना त्या म्हातारीनंच हाताला धरून बसवलं.

म्हातारीला मी हात जोडले. तिनं उरलेलं फळ पिशवीत बांधून दिलं.

खोलीवर वि. रडली, ओरडली. र. केस पुसत होती. म्हणाली, "पयल्यांदा नाय झालेलं हे."

जुलैत, भर पावसात, पोरं गाडीत. साजगावच्या फाट्यावर आली आणि शाळा कुठल्या बाजूला तेच कळेना. मागच्या गाड्या हॉर्न मारतायत. तिसरीतली एक पोरगी म्हणाली, "काकू, डावीकडं." मग सगळं आठवलं.

"कुणाला बोलले नाय. आता तुमाला बोलले. तुमी पन कुणाला बोलायचं नाय."

२३ सप्टेंबर, शनिवार

बोटीची सहल पावसानं रद्द. दिवसभर हॉटेलात. तिघी एकमेकींच्या अंगावर.

वि. : "पूर्वाला आत्ता फोन करायचा. आत्ता."
र. : "तिचं शेवटचं वर्ष हाय. ती सोडून येईल. मी वळखते तिला."
वि. : "आणि ती पोरं? चौदा घरं आहेत, रंजना."

र. माझ्याकडं बघून, "सुजे, तू सिस्टर हायस. तू सांग. वेडी झाले का मी?"

मी सांगितलं ते खरं सांगितलं. थायरॉइड असू शकतं, बी-ट्वेल्व असू शकतं, पाळी जातानाही असं होतं, झोप नसली तरी होतं. तपासल्याशिवाय काही म्हणता येत नाही. जे सांगितलं नाही तेही मला ठाऊक आहे. तिच्या आईचं शेवटी शेवटी काय झालं ते. आम्ही दहावीला असताना तिची आई खोपोलीच्या बाजारात भर दुपारी आपलं घर विचारत फिरायची.

तेही तिच्या डोक्यात असणारच.

पाच वाजता पाऊस थोडा थांबला. खाली जाऊन फो, म्हणजे त्यांचं शेवयांचं सूप, खाल्लं. र.नंच रस्ता ओलांडून नेलं. परवासारखाच पक्का हात.

२४ सप्टेंबर, रविवार

विमानात तिघी एका रांगेत. वि. खिडकीकडं तोंड करून. र.नं माझ्याशी सौदा केला. शुक्रवारी पनवेलला मेंदूच्या डॉक्टरकडं येते, नक्की येते. तोवर व्हॅन चालू.

मी म्हटलं, तोवर व्हॅन बंद. ती म्हणाली, एक दिवस बंद ठेवली तर पालक दुसरी बघतात. हेही खरंच.

मग मी म्हटलं, उद्या मी गाडीत बसते.

वि.नं हे ऐकलं. खिडकीकडूनच म्हणाली, "तू शेजारी बसलीस म्हणजे तू होकार दिलास, सुजाता." घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, मजा आली का? आली म्हटलं.

२५ सप्टेंबर, सोमवार

रजेचा शेवटचा दिवस. पहाटेच स्कूटी काढून साजगावला. र. गाडी पुसत होती. केस विंचरलेले, ओढणी पिनेनं टाचलेली.

गाडी चालवावी तर तिनंच. खड्डा नि खड्डा पाठ. कुणाचा डबा विसरतो, कुणाला उलटी होते, कुणाला खिडकी द्यायची नाही, सगळं तोंडपाठ. मला लाज वाटायला लागली. एका आईनं विचारलं, "नवीन मावशी का?" र. म्हणाली, "नाय, मैत्रीण हाय माजी. हौस आली तिला."

शेवटच्या आधीच्या वळणावर तिनं एका घरासमोर गाडी लावली. हॉर्न दिला. पुन्हा दिला. पोरं मागं खुसखुसायला लागली. दारातून एक बाई बाहेर आली, हात पुसत. "अहो काकू, आमचा ओंकार गेल्या वर्षीच दहावी झाला ना!"

"सवय गं," र. माझ्याकडं न बघता म्हणाली. गिअर टाकला.

दुपारी पोरं घरी सोडून होईपर्यंत बसले. उतरताना तिला म्हटलं, उद्यापासून मला ड्यूटी आहे. ती म्हणाली, "मग जा की. मी काय तान्ही हाय?"

वि.ला फोन केला, तू चार दिवस बस गाडीत. तू शाळेतनं लवकर रिटायर झालीस, पेन्शन सुरू आहे, वेळ आहे. तिचा एकच प्रश्न. "तुझी नात असती गाडीत, तर?"

२६ सप्टेंबर, मंगळवार

सव्वासातला ड्यूटी. त्याच वेळेला ती निघते. पावसाची रिपरिप. आठ वाजता मेसेज केला, पोचलीस? आठ वीसला अंगठा आला. मग मी चहा घेतला.

साडेदहाला प्लँटमधला फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर आला. सकाळपासून दोनदा चक्कर. बीपी बरंच वर. मी फिटनेसचं कार्ड पुढं ओढलं तसा तो खुर्चीवरून उठलाच. "मॅडम, आजचा दिवस जाऊ द्या. गोळी घेतो. एवढी वर्षं चालवतोय, कधी कुणाला खरचटलं पण नाय." खरंच नाही. मी त्याला ओळखते, त्याच्या हातचं काम कंपनीत सगळे नावाजतात.

अनफिट लिहिलं. सही केली. त्याच्याकडून किल्ली काढून घ्यायला सुपरवायझरला फोन लावला. एवढं सगळं दोन मिनिटांत. तो गेल्यावर खुर्चीत बसून राहिले.

पूर्वाचा नंबर काढलाय. समोर आहे. ती वर्गात असेल. काय बोलायचं त्याचं पहिलं वाक्यच जुळत नाही.

शाळा साडेबाराला सुटते. आत्ता अकरा वाजून पाच मिनिटं.