शुक्रवारच्या पाच पेनल्ट्या

१३ मार्च, बुधवार

अध्यक्षांनी बोलावलं होतं. बाथरूमच्या फरशा विकून क्लब विकत घेतलेला माणूस! चहा पाजला. मी देशासाठी खेळत होतो तेव्हाचा फोटो केबिनमध्ये लावलाय, तो कौतुकाने दाखवला. आणि मग, "तुम्ही आमचं वैभव आहात हो. पण शनिवारची मॅच हरलो तर माझा नाइलाज आहे." म्हणजे वैभव शनिवारपर्यंतच.

फोटोत मी हवेत आहे. केबिनमधून खाली येताना जिन्याचा कठडा धरावा लागला. डावा गुडघा देशाला दिला, उजवा या क्लबला देतोय.

१४ मार्च, गुरुवार

सहाय्यकाशी वाजलं. पोरं त्याला लॅपटॉप म्हणतात, कारण ते यंत्र त्याच्या मांडीवरून खाली उतरतच नाही. "सर, आकडे सांगतात की..." आकडे! आयुष्यात कधी चिखलात तोंडावर पडला नाही हा. गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हटलं. बहुतेक मोठ्याने म्हटलं. पोरं खाली बघत होती.

१५ मार्च, शुक्रवार

आज माझा वार. इथे कोच म्हणून आलो तेव्हापासूनचा रिवाज — शुक्रवारी सराव संपताना मी गोलकीपरला पाच पेनल्ट्या मारायच्या, संघाने ओळीत उभं राहून बघायचं. लंबूला, म्हणजे आमच्या नेहमीच्या गोलकीपरला, पाचही घातल्या. कधी चुकलंय? मी उजवीकडे मारतो, हा डावीकडे लोळण घेतो! टाळ्या झाल्या.

मग लहर आली. म्हटलं, नव्याला उभा करा. महिन्यापूर्वी आलेला राखीव गोलकीपर, उड्या मारतो म्हणून नाव पडलं माकड. त्याने माझ्या तीन अडवल्या! टाळ्या बंद. कप्तान बुटाची नाडी बांधायला वाकला. ती बांधलेलीच होती.

खरं तर राग यायला हवा होता, पण आनंद झाला. पन्नाशीच्या लंगड्या माणसाकडून पाचच्या पाच खाणारा लंबू, आणि हा! जाहीर करून टाकलं, उद्या गोलमध्ये माकड. लॅपटॉप पांढराफटक पडला. "सर, तो अजून एकही मोठी मॅच..." म्हटलं, घोडामैदान जवळच आहे.

१६ मार्च, शनिवार

०-४.

१७ मार्च, रविवार

पेनल्टी एकही नव्हती. चारही गोल कॉर्नरवरून, उंच चेंडूवर. दर वेळी माकड पुढे धावायचं, हवेत हात मारायचं आणि चेंडू मागे जाळ्यात. लंबू बेंचवर डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. त्याच्या उंचीला ते चेंडू म्हणजे हातचा मळ.

अध्यक्षांनी स्वतः फोनसुद्धा केला नाही. ऑफिसातल्या मुलीने कळवलं, "सर, कपाट उद्या रिकामं करायचंय." गरज सरो, वैद्य मरो. घरी आमच्या लेकीचाही फोन आला होता. आईशी बोलली आणि ठेवून दिला.

१८ मार्च, सोमवार

कपाट रिकामं केलं. लंबू एकटाच होता ड्रेसिंग रूममध्ये. त्याने विचारलं, "सर, मला का काढलंत?" माझा तोल गेला. म्हटलं, माझ्या पाच-पाच पेनल्ट्या खाणाऱ्याला कोणत्या तोंडाने खेळवायचं? तो हातमोजे उलटेपालटे करत राहिला. मग म्हणाला, "खात नव्हतो सर. सोडत होतो. कप्तानने सांगून ठेवलं होतं. नव्याला सांगायचं राहून गेलं."

तीन वर्षं! सगळी पलटण ओळीत उभी राहून टाळ्या वाजवत होती! लॅपटॉपलाही माहीत असणार. शुक्रवारी त्याने तोंड उघडलं असतं तर नोकरी वाचली असती. पण माझ्यापुढे तोंड कोण उघडणार? गुरुवारी त्याचं काय केलं ते सगळ्यांनी बघितलंच होतं.

कप्तानला बाहेर गाडीपाशी गाठला. म्हटलं, मला खूश ठेवून लवकर घरी सुटायचं होतं ना? संघातली जागा टिकवायची होती? किती मूर्ख समजलात रे मला! तो गाडीचं दार धरून उभा. म्हणाला, "सर, आमचा काही फायदा नव्हता त्यात. तुम्ही घरी विचारा."

घरी?

१९ मार्च, मंगळवार

नाही विचारलं. दिवसभर बायकोच्या मागे मागे फिरलो. भीती वाटते, लिहायला काय हरकत आहे.

२० मार्च, बुधवार

विचारलं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, हात थांबले नाहीत. "हो, मीच सांगितलं होतं तुझ्या कप्तानला. पहिल्या वर्षी एका शुक्रवारी तुझ्या दोन चुकल्या, आठवतं? आठवडाभर घरात कुणाशी बोलला नाहीस. तू जेवायला बसलास की पोरीच्या पोटात दुखायचं. पाचही गेल्या की हसत यायचास. तेवढा एक दिवस ती नीट जेवायची." मी म्हटलं, अगं, पण मग आत्तापर्यंत? तिने चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. म्हणाली, "आता ती शिकायला बाहेर गेली. त्याला थांब म्हणून सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं."