वरचे आकडे

सेक्टर १०, भिलाई
४ सप्टेंबर २०२३

चि. निखिलले अ. उ. आ.

रक्त किती पातळ झालं ते पाहायच्या तुझ्या दोन्ही मशीन पोचल्या. मले फोनवर ऐकू येत नाई, म्हणून लिहून पाठवते. आज सोमवारी बोट टोचलं. पहिली मशीन ५.८, दुसरी ६.९. लॅबवाला दंडातलं रक्त घेऊन गेला, त्याचा रिपोर्ट तुलेच येईल. पण डॉक्टरनं तर आकडा तीनच्या आसपास पायजे म्हटलं होतं ना? दातासाठी मागच्या हप्त्यात दुसऱ्या गोळ्या खाल्ल्या, त्याचं तर नाई? हिरड्यातून रक्त येऊन राहिलं. तुझे मावसाजी म्हणतात, रक्त पातळ करायची गोळी बंद कर. मी म्हटलं, निखिलले विचारल्याशिवाय नाई. हृदयात झडप बसवली तेव्हा आठ दिवस माझ्यापाशी तूच बसला होता.

डॉक्टरीची थीसिस लवकर आटप, मंग पोरी पाहाले निघतो आमी. मावशीवर माया राहू दे.

तुझी भागीरथा मावशी


नागपूर
८ सप्टेंबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

पत्र वाचून खरंच आनंद झाला. माझ्याकडे साठ पेशंट आहेत, पण सगळ्यांचे आकडे दोन-तीनच्या मधे. रक्त फार पातळ झाल्यावर मशीन बरोबर सांगते की नाही, हे पाहायला पाचच्या वरचे आकडे लागतात, आणि ते एकट्या तुझेच आले. त्यांच्याशिवाय सर थीसिस घेणार नाहीत.

घाबरू नको, आकडा वर गेला की मशीन तो फुगवून सांगते. लॅबचा रिपोर्ट ठीक आहे. गोळी तशीच चालू ठेव आणि पुढचे दोन सोमवार टोच. डॉक्टरांकडे आत्ता जाऊ नको. ते डोस बदलतील आणि माझी मेहनत वाया जाईल. मावसाजींना काही बोलू नको, ते उगाच काळजी करतात.

तुझ्या हातच्या वड्यांची वाट पाहणारा,
निखिल


सेक्टर १०, भिलाई
१८ सप्टेंबर

चि. निखिलले अ. उ. आ.

मागच्या सोमवारी ६.३ अन ७.२. आज ७.४, दुसरी मशीन तर आकडाच दाखवत नाई, निस्तं ‘आठच्या वर’ म्हणते. मांडीवर काळेनिळे डाग आले. शेजारची गीतांजली डॉक्टरकडं ओढून नेत होती, मी गेली नाई. तुझं काम अडायचं. सकाळपासून डोकं लय दुखून राहिलं, म्हणून अक्षर वाकडं आलं.

आता झाले ना तुले पुरेसे? आठवण ठेव.

मावशी


सेक्टर १०, भिलाई
१४ जानेवारी २०२४

निखिल,

वीस सप्टेंबरले तुझ्या मावशीच्या मेंदूत रक्तस्राव झाला, हे तुले माहीत हाय. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. तू फोनवर रडला होता.

काल गादी उन्हात टाकाले काढली, तं खाली तुझं पत्र सापडलं. मी लॅबमधी गेलो. चार तारखेचा रिपोर्ट ५.६. अठराचा ७.१. दोन्ही त्याच दिवशी तुले पाठवले होते, असं लॅबवाल्यानं दाखवलं.

मी चौतीस वर्षं ब्लास्ट फर्नेसच्या भट्टीवर काढले. गेजचा काटा लालमधी गेला की आमी आधी माणसं बाहेर काढत होतो, गेज खरा की खोटा ते मंग पाहत होतो. मी दहावी नापास हाओ.

तुझ्या आईचा फोन आला. थीसिस मंजूर झाली म्हणे. तुझ्या मावशीले मी पत्राचं सांगितलं नाई, तू पास झाला एवढंच सांगितलं. तिनं डाव्या हातानं साखरेचा डबा दाखवला. मी चिमूटभर जिभेवर ठेवली. अर्धी ओठातून बाहेर आली.

भेटाले येऊ नको. तुले पाहून ती खूश होईल, अन ते मले पाहावणार नाई.

केवलराम