बाहुल्याची चुगली बंद

गुरुवार, ११ डिसेंबर

लाडक्या रोनेट,

मी बरी आहे, गुडघा सोडला तर. तूही पोटभर जेवत असशील. अक्षर लावून वाच गं, चौथीतच शाळा सुटली माझी. चर्चच्या जेवणाला मक्याचा पाव नेला होता. शेजारची ओपल म्हणे, कोरडा झालाय. स्वतः तीनदा वाढून घेतला बाईनं!

असो. तुझ्या लेकीची गंमत ऐक. नाताळ येतोय म्हणून तुमचा तो बिस्किट नावाचा लाल टोपीचा बाहुला, जो रोज रात्री सांताकडे उडून जाऊन घरातलं सगळं सांगतो म्हणे, मीही रोज नव्या जागी बसवते. काल त्याला फळीवर मैद्याच्या डब्यात बसवलं. वाटलं, एफी हसेल. तर तिनं खुर्ची ओढली, वर चढली आणि त्याला दोन्ही हातांनी गच्च धरलं!

मी ओरडले, "अगं सोड! हात लावला की जादू जाते त्याची!"

"माहितीये. आईनंच सांगितलंय. म्हणून तर लावला," म्हणाली. आणि त्यालाच दरडावलं, "आता जा बघू सांताकडे उडत, चुगलखोरा!"

हसता हसता माझा चष्मा पिठात पडला. म्हटलं, "कसली चुगली करणार होता गं?"

"आई दारू पिऊन स्वयंपाकघरात पडली होती ना, त्यानं वरून बघितलंय. सांताला कळलं तर आईचं नाव वाईटांच्या यादीत जाईल."

तू मावशीकडे गेलीस, असं मी तिला सांगत होते. तूच सांगायला लावलंस. आणि ही सहा वर्षांची पोर सगळं जाणून एकटी तुझी राखण करत होती. काय काळीज आहे गं! मग मी खरं सांगून टाकलं, आई दारू सोडवायच्या केंद्रात गेलीय, बरी होतेय. तर म्हणते, "मग आपण इथं काय करतोय, आजी?"

मी चष्म्यावरचं पीठ पुसलं आणि फोन उचलला.

तू लिहिलंस, तिला आणू नकोस, तिनं मला अशी बघायला नको. अगं, तिनं तुला याहून वाईट बघितलंय आणि तरी तुझीच बाजू घेतली. रविवारी दोन वाजता भेटीची वेळ आहे, फोन करून विचारलंय. आम्ही येतोय. आत घ्यायचं नसेल तर बाहेरच्या बाकावर बसू. गाडीत घोंगड्या टाकल्यात, जेवण बरोबर घेऊ, आणि घाई दोघींनाही नाही.

केस विंचरून ठेव.

या खेपेला तुझं न ऐकणारी,
तुझी आई